पेटंट गेलं, माहिती अडकली: बीआरसीए जनुकांचं प्रकरण

१३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की माणसाच्या शरीरात मुळातच असलेलं जनुक नुसतं वेगळं काढलं म्हणून ते कुणाचा शोध ठरत नाही, आणि त्यावर पेटंट मिळत नाही. 'असोसिएशन फॉर मॉलिक्युलर पॅथॉलॉजी विरुद्ध मिरियड जेनेटिक्स' हा तो खटला. मिरियड ही पेटंट घेतलेली कंपनी. वादातली जनुकं दोन होती, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा घराण्यातून येणारा धोका याच दोघांशी सर्वांत घट्ट जोडलेला आहे.

कायद्याच्या वर्गात हे प्रकरण पेटंटचं म्हणून शिकवतात. मला ते आधी वैद्यकाचं प्रकरण वाटतं. त्याला कारण फिर्यादींमधली एक तरुणी. ती आशियाई वंशाची अमेरिकन. तरुण वयात तिला स्तनाचा कर्करोग झाला, तिने जनुकीय चाचणी करून घेतली आणि अहवालात शेरा आला: जनुकात बदल सापडला आहे, पण त्याचा अर्थ सांगता येत नाही. अंडाशयं काढायची की ठेवायची, हा प्रश्न घेऊन ती गेली होती आणि तोच प्रश्न घेऊन परत आली. असे शेरे असलेले अहवाल आज आपल्याकडच्या बायकांच्याही हातात पडतात. म्हणून हा खटला आपण नीट वाचला पाहिजे, आणि निकालाच्या दिवशी थांबून चालणार नाही.

जनुक बिघडतं म्हणजे काय

स्तनाचा कर्करोग झालेल्या सगळ्याच बायकांमध्ये तो घराण्यातून आलेला नसतो. साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्येच जन्मजात मिळालेला एखादा जनुकीय बदल कारणीभूत असतो, आणि त्यातला मोठा वाटा या दोन जनुकांचा. बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर आहे, बीआरसीए-२ तेराव्या. पेशीत डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर ती तूट अचूक जोडणाऱ्या यंत्रणेत दोघांची प्रथिनं काम करतात. म्हणजे ही कर्करोगाची जनुकं नव्हेत, कर्करोग रोखणारी जनुकं आहेत. ती प्रत्येकाच्या शरीरात असतात. त्रास देतो तो त्यांच्यातला बिघाड.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते, म्हणून असं मूल जन्मतः निरोगीच असतं. पुढे आयुष्यात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेली की त्या पेशीतली दुरुस्ती कोलमडते, चुका साचत जातात आणि कर्करोगाला वाट मिळते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ बिघडलेल्या स्त्रीमध्ये सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये सुमारे ६९ टक्के असते. अंडाशयाच्या कर्करोगासाठी हेच आकडे अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के आहेत. अमेरिकेतल्या सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता १२-१३ टक्के असते, हे शेजारी ठेवलं की फरक कळतो.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण तिच्यात आपल्याकडे हमखास गल्लत होते. बिघडलेली प्रत वडिलांकडूनही येते, आणि तितक्याच शक्यतेने येते: प्रत्येक अपत्यामागे निम्मी. पुरुषाला स्वतःला कर्करोग होण्याची शक्यता कमी असते (बीआरसीए-२ मध्ये पुरुषांचा स्तनाचा आणि प्रोस्टेटचा धोका मात्र वाढतो), म्हणून बदल वडिलांमधून निमूट पुढे सरकतो. घराण्याचा इतिहास विचारला की लोक आई, मावशी, आजी एवढंच सांगतात. "आत्याला झाला होता, पण ती वडिलांकडची ना," असं म्हणून आत्याचा आजार यादीतून वगळला जातो. आत्याचा अंडाशयाचा कर्करोग हा भाचीसाठी आईकडच्या नातेवाइकाच्या आजाराइतकाच महत्त्वाचा पुरावा असतो. घरात मुलीच कमी असतील, तर दोन पिढ्या कुणालाच काही न होता बदल शांतपणे उतरत राहू शकतो.

आणखी एक, कारण मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडच्या काही समाजांत होतं. बीआरसीए-२ च्या बिघडलेल्या प्रती दोन्ही पालकांकडून आल्या तर बाळाला फॅन्कोनी अ‍ॅनिमियाचा एक तीव्र प्रकार होतो. त्यात लहान वयातच रक्त आणि कर्करोगाचे आजार उद्भवतात. एक बिघडलेली प्रत म्हणजे मोठेपणीचा धोका, दोन म्हणजे बालपणीचा आजार.

शोध कुणाच्या जिवावर लागला

१९७० आणि ८० च्या दशकात स्तनाचा कर्करोग एखाद्या एकाच जनुकामुळे घराण्यात उतरतो, ही कल्पना बहुतेक तज्ज्ञांना पटत नव्हती. आजार इतका सर्वत्र आढळणारा, कारणं इतकी अनेक. घराण्यात दोघी-तिघींना झाला तरी तो योगायोग असू शकतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेरी-क्लेअर किंग यांनी वर्षानुवर्षं उलट बाजू धरली. १९८८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या १,५७९ स्त्रियांच्या कुटुंबांचं गणित मांडलं. सुमारे ४ टक्के कुटुंबांत आजाराचा नमुना एकाच प्रभावी जनुकाने समजावता येतो, असं त्यातून निघालं. जनुक हातात नव्हतं, पण ते असलंच पाहिजे हे दिसत होतं.

मग २३ कुटुंबं घेतली. त्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या १४६ केसेस होत्या. गुणसूत्रांवरच्या खुणा आणि आजार एकत्र उतरतात का, हे तपासायचं होतं. सगळी कुटुंबं एकत्र धरली तर काहीच ठरेना. कुटुंबं आजाराच्या सरासरी वयानुसार लावल्यावर मात्र चित्र उलगडलं. ज्या घरांत आजार तरुण वयात आला होता, तिथे सतराव्या गुणसूत्रावरची एक खूण आजाराबरोबरच उतरत होती. ज्या घरांत आजार उशिरा आला होता, तिथे तो संबंध विरून जात होता. ४६ वर्षांपर्यंतच्या गटात पुराव्याचा गुणांक जवळजवळ ६ होता. अशा कामात ३ पुरेसा मानतात. ऑक्टोबर १९९० मध्ये सिनसिनाटीच्या परिषदेत किंग यांनी हे मांडलं आणि डिसेंबरमध्ये निबंध छापून आला. आजही समुपदेशनाच्या खोलीत "कितव्या वर्षी झाला?" हा प्रश्न अगदी सुरुवातीला येतो, तो याच कारणाने.

जागा कळली आणि जनुक गाठायची शर्यत लागली. उटा राज्यात मार्क स्कॉलनिक यांच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं असं साधन होतं. तिथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी श्रद्धेपोटी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी जपलेल्या होत्या, आणि त्या राज्याच्या कर्करोग नोंदणीशी जोडता येत होत्या. १९९१ मध्ये स्कॉलनिक आणि नोबेल विजेते वॉल्टर गिल्बर्ट यांच्यासह काहींनी मिरियड जेनेटिक्स ही कंपनी काढली. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये बीआरसीए-१ त्यांच्या हाती लागलं. शोधनिबंधात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आरोग्य संस्थांचे शास्त्रज्ञही होते. पेटंटच्या अर्जात त्यांची नावं सुरुवातीला नव्हती. वाद झाल्यावर घातली गेली. बीआरसीए-२ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. इंग्लंडमधले मायकेल स्ट्रॅटन आधी स्कॉलनिक यांच्याबरोबर काम करत होते. पेटंट आणि व्यापाराच्या प्रश्नावर त्यांनी साथ सोडली आणि डिसेंबर १९९५ मध्ये आपल्या गटासह ते जनुक शोधून काढलं. त्यांचा निबंध छापून येण्याच्या आदल्या दिवशी मिरियडने त्याच जनुकासाठी पेटंटचा अर्ज केला.

कामात सरकारी पैसा होता, खासगी पैसाही होता. पण ज्याच्याशिवाय एक पाऊलही पुढे पडलं नसतं ते होतं घराघरांतून दिलेलं रक्त आणि सांगितलेल्या आठवणी: कुणाची बहीण कितव्या वर्षी गेली, कुणाच्या आईला दोन्ही बाजूंना झाला. या बायकांनी ते कंपनीला दिलं नव्हतं. आपल्या मुलींना पुढे उपयोग व्हावा म्हणून दिलं होतं.

एकाच दारातली चाचणी

पेटंटमध्ये नेमकं काय मागितलं होतं, ते पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. एका दाव्यात बीआरसीए-१ चं प्रथिन बनवणारा, शरीराबाहेर वेगळा काढलेला डीएनए कंपनीचा, असं होतं. दुसऱ्या दाव्यात त्या डीएनएमधला किमान १५ अक्षरांचा कोणताही तुकडासुद्धा. डीएनएची अक्षरं चार. चार अक्षरांचे १५ लांबीचे शब्द सुमारे १०७ कोटी होतात, आणि माणसाच्या जनुकसंचात ३०० कोटींच्या आसपास अक्षरं आहेत. म्हणजे बीआरसीए-१ मधले कितीतरी १५ अक्षरी तुकडे निव्वळ योगायोगाने दुसऱ्या जनुकांतही सापडणारच. दावा इतका ऐसपैस होता. जनुक वाचायचं तर आधी ते वेगळं काढावंच लागतं, त्यामुळे चाचणी करणारी कोणतीही प्रयोगशाळा या दाव्यात अडकत होती.

मिरियडने १९९६ मध्ये चाचणी बाजारात आणली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हेग कझाझियन आणि अरूपा गांगुली यांची प्रयोगशाळाही ही तपासणी करत होती. १९९८-९९ मध्ये त्यांना 'थांबा' अशी पत्रं आली आणि त्यांनी काम बंद केलं. पुढे अमेरिकेत पूर्ण चाचणीचं एकच ठिकाण उरलं आणि तिची किंमत ३,००० डॉलरच्या वर गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका रुग्णाचा सरकारी विमा मिरियडने स्वीकारला नाही. दुसऱ्या एका रुग्णाचा अहवाल सदोष जनुक दाखवत होता, आणि अंडाशयं काढण्याआधी तिला दुसरीकडून खात्री करून घ्यायची होती. ती करायला दुसरं ठिकाणच नव्हतं. आपण साध्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतो.

पैशाहून गंभीर प्रश्न अचूकतेचा होता. मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने २००६ मध्ये अशी ३०० कुटुंबं तपासली, ज्यांत प्रत्येकी चार किंवा अधिक जणांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला होता आणि तरी व्यापारी चाचणीने 'काही सापडलं नाही' असं सांगितलं होतं. त्यांतल्या १२ टक्के कुटुंबांत याच दोन जनुकांचे मोठाले तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले निघाले. अक्षरं एकेक करून वाचणाऱ्या चाचणीला असे बदल दिसत नाहीत. त्यासाठी वेगळी पद्धत लागते. ती पद्धत बाहेरच्या प्रयोगशाळांना माहीत होती, पण रुग्णांसाठी ती वापरायची परवानगी त्यांना नव्हती. त्याच वर्षी मिरियडने ती जास्तीची तपासणी सुरू केली, बहुतेकींसाठी वेगळे पैसे घेऊन. 'तुझ्यात बदल नाही' असं ऐकून निर्धास्त घरी गेलेल्या बाईपुढे या १२ टक्क्यांचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

मिरियडची बाजूही मांडायला हवी. नेहमीचं वाचन त्यांच्या प्रयोगशाळेत काटेकोर होत असे. अनिश्चित शेरा आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांची तपासणी ते मोफत करत. डॉक्टरांपर्यंत या चाचणीची माहिती पोहोचवण्यात त्यांचा मोठा हात होता. पण हे सगळं दुसऱ्यांना रोखल्याशिवाय जमलं नसतं, असं म्हणायला मला आधार दिसत नाही.

न्यायालयात

१२ मे २००९ रोजी न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात खटला दाखल झाला. फिर्यादींत डॉक्टरांच्या संघटना, संशोधक आणि रुग्ण स्त्रिया होत्या. त्यांच्या बाजूने अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था उभी राहिली. सात पेटंटांतले १५ दावे आव्हानाखाली होते. अमेरिकेचं पेटंट कार्यालय वर्षानुवर्षं जनुकांवर पेटंट देत आलं होतं, आणि हा खटला टिकणार नाही असंच बहुतेक वकिलांना वाटत होतं.

न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी २९ मार्च २०१० रोजी पेटंट रद्द ठरवली. त्यांच्या निकालाचा गाभा साधा आहे. डीएनए हे रसायन खरंच, पण त्याचं मोल त्याने वाहिलेल्या माहितीत आहे, आणि शरीरात असो की परीक्षानळीत, ती माहिती तीच राहते. अपील न्यायालयात २०११ मध्ये दोन विरुद्ध एक असं पारडं फिरलं. तिथल्या बहुमताने रसायनशास्त्र पुढे केलं: तुकडा वेगळा काढताना रासायनिक बंध तुटतात, म्हणून निपजतो तो नवा रेणू. सरकारच्या न्याय खात्याने याआधीच आपल्याच पेटंट कार्यालयाच्या विरुद्ध भूमिका घेतली होती. त्यांची कसोटी अशी होती: समजा जादूचा सूक्ष्मदर्शक आहे आणि त्यातून शरीरातलं जनुक जसंच्या तसं दिसतं; मग जे आधीच तिथे आहे त्यावर हक्क कसा सांगता?

प्रकरण एकदा वर जाऊन परत आलं, अपील न्यायालयाने तोच निर्णय पुन्हा दिला, आणि १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात अंतिम युक्तिवाद झाला. त्या दिवशी न्यायमूर्ती उदाहरणांमागून उदाहरणं देत होते. कुणी अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या वनस्पतीचं दिलं, कुणी बिस्किटाच्या साहित्याचं. मिरियडच्या वकिलांनी बेसबॉलच्या बॅटचं उदाहरण लावून धरलं: झाडात बॅट नसते, ती कुणीतरी घडवावी लागते. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांचं म्हणणं पडलं की बॅट घडवावी लागते, इथे तर आहे ते फक्त तोडून काढलं आहे. माझ्या मते युक्तिवाद तिथेच निकाली निघाला.

निकाल न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी लिहिला. वेगळं काढलेलं नैसर्गिक जनुक पेटंटयोग्य नाही. मात्र प्रयोगशाळेत तयार केलेली पूरक प्रत, म्हणजे ज्यातून प्रथिनासाठी न लागणारे मधले भाग गाळलेले असतात, ती निसर्गात तशी नसते, म्हणून तिच्यावर पेटंट मिळू शकतं. चाचणी करायला अशी प्रत लागत नाही, त्यामुळे रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचं ते मोकळं झालं. त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी आपल्या चाचण्या जाहीर केल्या आणि त्यांतली एक १,००० डॉलरच्या आत होती. २०१५ मध्ये २४९ डॉलरची चाचणीही आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने तसाच निर्णय दिला.

निकालाच्या महिनाभर आधी, १४ मे २०१३ रोजी, अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी आपल्यात बीआरसीए-१ चा बिघाड असल्याचं आणि दोन्ही स्तन काढून घेतल्याचं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं होतं. चाचणीची किंमत अनेकींना परवडत नाही, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. या जनुकाचं नाव घरोघर पोहोचलं ते त्या लेखामुळे.

कुलूपबंद राहिलेली गोष्ट

पेटंट गेलं. पण सतरा वर्षं एकट्याने चाचणी केल्यामुळे मिरियडकडे जे साठलं होतं ते कोणत्याही निकालाने मोकळं झालं नाही. या दोन जनुकांत हजारो वेगवेगळे बदल सापडतात. एखाद्या बदलाने प्रथिन अर्ध्यावर तुटतं, ते ओळखायला सोपं असतं. पण पुष्कळदा एका अक्षराच्या जागी दुसरं येतं, प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलतं, आणि ते घातक की निरुपद्रवी हे नुसतं पाहून कळत नाही. मग पाहावं लागतं की हा बदल आणखी कुणाकुणात सापडला, त्यांच्या घरात आजार बदलाबरोबर उतरला का, निरोगी लोकांतही तो आढळतो का. म्हणजे एका बाईच्या अहवालाचा अर्थ इतर हजारो बायकांच्या अहवालांतून लागतो.

१९९५ पासून या बदलांची एक सार्वजनिक नोंद चालू होती आणि मिरियड तिच्यात भर घालत असे. २००४ नंतर त्यांनी ते थांबवलं. परिणाम आकड्यांत दिसतो. २०१३ च्या सुमारास मिरियडच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्याकडे अनिश्चित अहवाल ३ टक्क्यांच्या आसपास होते, तर युरोपातल्या प्रयोगशाळांत ते सुमारे २० टक्के होते. बायका तशाच, जनुकं तीच, वाचनही तेच. फरक होता तो जुन्या नोंदींचा, आणि त्या कंपनीच्या मालकीच्या होत्या.

यावरचा उपाय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले रॉबर्ट नुसबाउम यांनी देशभरच्या दवाखान्यांना साधी विनंती केली. मिरियडने तुमच्या रुग्णांना दिलेले अहवाल तुमच्या कपाटात आहेतच. रुग्णाची ओळख काढून टाका आणि बदल व त्याचा अर्थ एवढं क्लिनव्हार या सार्वजनिक नोंदीत टाका. कंपनी वही उघडत नव्हती, म्हणून तिची पानं रुग्णांच्या फायलींमधून एकेक करून जमवली गेली. २०१६ मध्ये काही रुग्णांनी तर आपल्या स्वतःच्या चाचणीची संपूर्ण माहिती मिळावी म्हणून मिरियडविरुद्ध सरकारकडे तक्रार केली.

दुसरा मार्ग प्रयोगशाळेतून निघाला. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधक जे शेंडुरे यांच्या गटाने २०१८ मध्ये बीआरसीए-१ च्या सर्वांत महत्त्वाच्या भागांतले जवळजवळ ४,००० संभाव्य एकाक्षरी बदल मानवी पेशींत एकेक करून घडवले आणि कोणत्या बदलाने पेशी मरतात ते मोजलं. बदल घातक आहे का, हे ठरवायला आता रुग्ण सापडण्याची वाट बघावी लागली नाही. ही माहितीही सर्वांसाठी खुली आहे.

आपल्याकडे

भारतात असा खटला उभा राहण्याची वेळ आली नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(क) नुसार निसर्गात असलेल्या सजीव वा निर्जीव पदार्थाचा नुसता शोध हे पेटंटयोग्य संशोधनच नाही. इथे अनेक प्रयोगशाळा ही चाचणी करतात. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी कर्करोगाच्या आनुवंशिकतेचं समुपदेशन मिळतं. आपली अडचण दुसरीकडे आहे.

जगभरच्या नोंदी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. निरोगी लोकांतले बदल ताडून पाहायला सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जागतिक नोंदीच्या एका मोठ्या आवृत्तीत सुमारे सव्वा लाख लोकांची जनुकं होती. त्यांत दक्षिण आशियाई जेमतेम १५ हजार. आपल्याकडे एखादा बदल अगदी सर्वसामान्य आणि निरुपद्रवी असू शकतो, पण तो कुणी नोंदवलेलाच नसेल तर अहवालात 'अर्थ अनिश्चित' म्हणून येतो. खटल्यातल्या त्या आशियाई तरुणीच्या अहवालामागेही हीच उणीव होती. भारत सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पात वेगवेगळ्या समाजांतल्या सुमारे १० हजार लोकांचा जनुकसंच वाचून झाला आहे, त्याने ही दरी थोडी भरेल. पण निरोगी लोकांची नोंद म्हणजे अर्धं काम. उरलेलं अर्धं कर्करोग झालेल्यांच्या अहवालांत आहे, आणि आपल्याकडच्या खासगी प्रयोगशाळांवर ते खुल्या नोंदीत टाकण्याची सक्ती नाही. पेटंट नसलं तरी माहिती अडकून राहू शकते.

व्यवहारात याचा अर्थ काय, तेही सांगतो. चाचणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी, कारण तिच्यात बदल सापडला तरच निरोगी बहिणीच्या 'नाही' ला वजन येतं. अहवालात बदल ठामपणे घातक म्हटला असेल तर पुढचे मार्ग स्पष्ट आहेत: लवकर सुरू होणारी एमआरआय तपासणी, ठरावीक वयात अंडाशयं आणि बीजवाहिन्या काढणं, काहींच्या बाबतीत स्तन काढणं, आणि आजार झालाच असेल तर ओलापारिबसारखी औषधं, जी पेशीतल्या याच मोडक्या दुरुस्तीचा फायदा घेतात. शेरा अनिश्चित असेल तर त्या शेऱ्याच्या आधारावर कुठलीही शस्त्रक्रिया करू नये. निर्णय घराण्याच्या इतिहासावर घ्यायचा. ज्या अनिश्चित शेऱ्यांचा पुढे उलगडा होतो, त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी ठरतात. मला राग येतो तो "पॉझिटिव्हच आहे, काढून टाका" असं घाईने सांगितलं जातं तेव्हा. अनिश्चित म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे.

असा अहवाल हातात असेल तर तो फायलीत पुरून ठेवू नका. त्यावर जनुकाचं नाव आणि बदलाचं अक्षर-आकड्यांतलं पूर्ण नाव छापलेलं असतं. ते क्लिनव्हारच्या संकेतस्थळावर टाकून कुणालाही, पैसे न देता, पाहता येतं. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पाहावं, कारण शेरे बदलतात. ज्या प्रयोगशाळेने चाचणी केली तिला दोन प्रश्न लेखी विचारावेत: शेरा बदलला तर मला कळवाल का, आणि माझं नाव वगळून हा बदल तुम्ही सार्वजनिक नोंदीत टाकला आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर आपल्या समुपदेशकाला तो पाठवायला सांगावा, आणि आईकडच्या व वडिलांकडच्या नातेवाइकांचे आजार व वयंही सोबत द्यावीत.